स्टँडची मान

माझी नात सई हिनं परवा एक जुना कॅमेरा आणला. एकावर एक दोन भिंगं असलेला, छातीशी धरून वरून त्याच्या काचेत डोकावायचा, एकशेवीसच्या रोलवर चौकोनी निगेटिव्ह देणारा. आमच्या अण्णांकडे होता अगदी तसलाच. आजकालच्या पोरांना हे खूळ पुन्हा लागलंय म्हणे. खिशात मोबाइल असताना फिल्म धुवायची, ती वाळेपर्यंत वाट बघायची आणि मग काहीच आलं नाही म्हणून हळहळायचं. हळहळण्यातली ती मजा आमच्या पिढीला फुकट मिळाली होती, यांना ती शोधावी लागते. तर सईनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आजोबा, स्टँडचे पाय घेतलेत. आता वरती कोणतं हेड बसवू? हे बॉल हेड बघा, कसलं भारी दिसतंय!" पडद्यावर एक काळी तुळतुळीत गोटी होती, वाटीत बसवलेली, बाजूला आवळायचं एकच बटण. ती बघितली आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. आमची ही आतून डोकावून म्हणाली, "साखर उतरली का तुमची?" साखर जागेवर होती. मला पिशोर आठवलं होतं.

आमचं घर पैठण गेटच्या अलीकडं होतं. घर म्हणजे पुढं स्टुडिओ, मधे डार्करूम आणि मागं स्वयंपाकघर. तिन्हींत दारं होती, पण वासाला दार लागत नाही. त्यामुळं आमच्या वरणाला फोटो धुवायच्या हायपोचा वास यायचा आणि गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोला लसणाच्या फोडणीचा. सकाळी टांग्यांच्या चाकांचा खडखडाट, समोरच्या टेलरचा रेडिओ, आईच्या शिलाई मशीनची घरघर आणि या सगळ्यांच्या खाली डार्करूममधल्या नळाची टिपटिप. त्या नळाला अण्णा कधी वायसर बदलू देत नसत. अंधारात त्या टिपटिपीवर ते सेकंद मोजायचे. मी बाहेरून दार वाजवून विचारायचो, "अण्णा, येऊ का?" आणि आतून आवाज यायचा, "आलास तर रोल जाईल, आणि रोल गेला तर तू जाशील." मी कॉलेजच्या एकाच वर्गात दुसऱ्यांदा बसत होतो. घरातल्या सगळ्या वस्तूंत माझाच काही उपयोग नव्हता, असं अण्णांचं मत होतं आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक काम असं होतं, की त्याचं नाव काढलं की मी मागच्या दारानं सटकायला बघायचो. मयताचा फोटो. तेव्हा खेड्यापाड्यांत कितीतरी माणसं आख्खं आयुष्य फोटोविना काढायची. माणूस गेलं की घरच्यांना आठवायचं, अरे, याचा एकही फोटो नाही. मग कुणीतरी धावत शहरात यायचं, अण्णा पेटी उचलायचे आणि जायचे. गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवायचं, हार घालायचा आणि फोटो घ्यायचा. परत आल्यावर खरं काम आईचं असे. घरच्यांना डोळे मिटलेला फोटो नको असायचा. आई स्वयंपाक आवरून खिडकीत बसायची, बारीक ब्रश ओठांनी टोकदार करायची आणि त्या मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायची. नमुना लागला की हाक यायची, "दिग्या, इकडं ये. बस समोर. माझ्याकडं बघ." मी बसायचो. ती एकदा माझ्या डोळ्यांत बघायची, एकदा मेलेल्या माणसाच्या, आणि थोडं थोडं माझं त्याच्यात उतरवायची. कन्नड तालुक्यातल्या कितीतरी घरांत भिंतींवरून पूर्वज जे बघतात, ते माझ्या डोळ्यांनी बघतात. लहानपणी मला वाटायचं, ही सगळी माणसं रात्री आपापले डोळे परत द्यायला आली तर ठेवायचे कुठं? डार्करूमच्या दोरीवर ओले फोटो वाळत असले की मी त्यांच्याखालून वाकून, खाली बघत जायचो. मोठा झालो, मिशी फुटली, तरी वाकून जायचं सुटलं नाही. आई विचारायची, "पाठ दुखती का रे?" मी म्हणायचो, "हो."

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम बिघडल्या. अण्णांना कावीळ झाली आणि स्टँडचं हेड तडकलं. अण्णा खाटेवर, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे, समोर ज्वारीच्या लाह्या आणि उसाचे करवे. तेल बंद, तिखट बंद आणि सगळ्यांत वाईट म्हणजे चहा बंद. जुनं हेड बिडाचं, ओतीव लोखंडाचं होतं, दोन दांड्यांचं. एक दांडी सैल केली की कॅमेरा डावी-उजवीकडं वळायचा, दुसरी सैल केली की वर-खाली. वजनानं एवढं की आई त्यावर लोणच्याची बरणी दाबून ठेवायची. ते मधोमध गेलं. अण्णांनी मला खाटेशी बसवलं आणि नवं हेड कसं निवडायचं ते सांगितलं. ते हेडला हेड म्हणत नसत, मान म्हणत. "कॅमेरा म्हणजे डोकं. ते कोणीही आणतं. मान बघून घ्यावी लागते. आपला कॅमेरा पुढं जड आहे, दोन भिंगं पुढं आलीत. तो नेहमी पुढं कलंडायला बघणार. मानेनं त्याला नाही म्हटलं पाहिजे. पेच आपल्या कॅमेऱ्याच्या भोकाला बसतो का बघ, कागद गुंडाळून बसवू नको. आणि चहा पाजल्याशिवाय मान घ्यायची नाही."

चहा पाजणं म्हणजे अण्णांची परीक्षा होती. दुकानातच कॅमेरा नव्या हेडवर चढवायचा, नाक थोडं खाली करायचं, आवळायचं आणि समोरच्या भिंतीवरची एखादी खूण काचेच्या मधोमध आणायची. मग चहा मागवायचा, निवांत प्यायचा आणि पुन्हा काचेत बघायचं. खूण जागेवर असली तर घ्यायचं, हलली असली तर चहाचे पैसे गेले असं समजायचं. "आणि कॅमेरा बरोबर ने," ते म्हणाले. "दुसरं काही चढवून बघू नको."

कॅमेरा बरोबर न्यायचा, इथंच माझं घोडं अडलं. आमच्या घरात एकच कॅमेरा होता, तो जर्मन होता आणि घरातलं सगळं त्याच्यावर चालायचं. जुन्या बाजारातल्या त्या गर्दीत तो माझ्या हातून निसटून सायकलीखाली जातोय, असं मला उघड्या डोळ्यांनी दिसायला लागलं. मी कॅमेरा कपाटात तसाच ठेवला आणि त्याऐवजी माझा जेवणाचा पितळी डबा घेऊन गेलो. अजून हसू येतं. भीतीपोटी माणूस जे शहाणपण करतो, त्याला तोड नाही.

जुन्या बाजारात करीमचाचा बसायचे. घड्याळं, दुर्बिणी, कॅमेरे, मोडके पंखे, सगळं एका सतरंजीवर. त्यांनी एक दोन दांड्यांचं बिडाचं हेड पुढं सरकवलं. अगदी आमच्या जुन्यासारखं, रंग उडालेलं, कुरूप. त्याच्या शेजारी ही गोटी चमकत होती. मी गोटी उचलली. वाटीत ती अशी फिरत होती की वाटलं, आता मी मुंबईच्या फोटोग्राफरसारखा एका हातानं कॅमेरा फिरवीन आणि कॉलेजमधल्या मुली बघत राहतील.

"वो नक्को, मियाँ," चाचा म्हणाले. "वो छोटे कॅमेरेवाली है. तुमारे अब्बा का कॅमेरा तो भैंस है, भैंस. मुर्गी की गर्दन पे भैंस का सर रखते क्या कोई?"

"चाचा, देखो तो, कितना मख्खन है!"

"हौ, मख्खन है. मख्खन पे कुछ टिकता देखे कबी?"

मी डबा गोटीवर बांधला, आवळला आणि चहा मागवला. डब्यात एक भाकरी आणि पिठलं होतं. डबा हलला नाही. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं अण्णा बघायचे. म्हणाले, "अब्बा को मेरा सलाम बोलना. और बोलना, मैं मना किया था." सलाम मी सांगितला, पुढचं विसरलो. अण्णांनी खाटेवरून विचारलं, "चहा पाजला?" मी म्हणालो, "पाजला." ते म्हणाले, "दाखव." मी म्हणालो, "कापडात बांधून ठेवलंय, धूळ बसेल." त्यांना उठून बघायचं त्राण नव्हतं.

घरी आणल्यावर गोटी थोडी करकरायला लागली. मला ती रेशमासारखी फिरायला हवी होती. आईच्या मशीनच्या खणात तेलाची छोटी कुपी होती, लांब नळीची. मी गोटी आणि वाटीच्या फटीत ते तेल सोडलं, पुसलं, पुन्हा सोडलं. अशी फिरली की विचारू नका. आता विचार करतो तेव्हा कपाळावर हात जातो. जी वस्तू केवळ घर्षणावर धरून ठेवते, तिला मी मनापासून तेल पाजलं होतं. अण्णांनी सांगितला होता चहा.

पिशोरहून नामदेव आला तेव्हा आम्ही सकाळचा चहा पीत होतो, म्हणजे आई आणि मी. अण्णा बघत होते. नामदेव तिशीतला धनगर, खांद्यावर घोंगडं, डोळे लाल. उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "आई गेली आमची. पहाटं. फोटू पायजे." मग थांबून म्हणाला, "भन सोयगावला दिलीया. वली बाळंतीण हाय. तिला सांगितलं बी नाय अजून, दूध आटंल. तिला आईचं त्वांड नाय दिसणार आता. आबा म्हणत्यात, फोटू तरी ठिवा तिच्यासाठी. आईचा एक बी फोटू नाय."

माझ्या आईचा हात कपाळाकडं गेला. अण्णा उठायला गेले आणि भिंत धरून पुन्हा बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ज्या नजरेची आयुष्यभर भीती बाळगली, ती हीच. "दिग्या जाईल," अण्णा म्हणाले.

कन्नडपर्यंत एसटी आणि पुढं जीप. कॅमेऱ्याची पेटी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, स्टँड पायांत. वेरूळच्या वळणांवर गाडी हलली की पेटी हलायची आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरायची. मी आजवर मेलेलं माणूस फक्त कागदावर बघितलं होतं, आणि कागदावरचंही मी वाकून चुकवत आलो होतो. नामदेव मला धीर देत होता. ज्याची आई गेली तो मला धीर देत होता, यावरून माझ्या चेहऱ्याची कल्पना यावी. "लई शांत गेली," तो म्हणत होता. "भ्याचं काय नाय." मी म्हणत होतो, "छे, भीती कसली. गाडी लागते मला."

घरापुढं माणसं बसली होती. कोपऱ्यात मेंढ्या कोंडलेल्या, त्यांना त्या दिवशी रानात नेलं नव्हतं म्हणून त्या अखंड ओरडत होत्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी म्हणालो, बाहेर उजेडात आणा, लगेच होईल. एक म्हातारी फिस्कारली, "उंबरा वलांडला की मानूस थांबवत नसत्यात बाबा. आतच काढ." आत म्हणजे एक खोली, एक दार, वर कौलांतून पडलेला उजेडाचा एक तुकडा. त्या उजेडात झटक्यात फोटो येणं शक्य नव्हतं. कॅमेऱ्याचं आतलं झाकण, म्हणजे शटर, काही वेळ उघडं ठेवावं लागणार होतं, आणि तेवढा वेळ तो जराही हलायला नको होता. म्हणजे सगळं स्टँडच्या मानेवर होतं.

नामदेवच्या आईला, गोदाबाईंना, भिंतीला टेकवून बसवलं होतं. अहेवपणी गेलेली बाई, म्हणून हिरवं पातळ, हातभर हिरवा चुडा, आणि कपाळ कुंकवानं असं भरलेलं की भुवया दिसत नव्हत्या. नाकात चांदणीएवढी फुली. नवरी बसवावी तशी बसवली होती. त्यांच्या शेजारी भिंतीशी खंडूआबा, त्यांचा नवरा, काठी मांडीवर आडवी घेऊन. त्यांनी मला एकच विचारलं, "पोरीला वळखू येईल ना?" मी मान हलवली.

मी स्टँड उभा केला, कॅमेरा चढवला, नाक थोडं खाली केलं, गोटी आवळली. काचेत डोकावलो. या कॅमेऱ्याच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, फुली भलत्याच नाकपुडीत गेली होती. प्रत्यक्षात बघण्यापेक्षा काचेत बघणं मला बरं वाटलं, तिथं माणूस लहान होतं. मी शटरची तार दाबली आणि मनात आमच्या नळाची टिपटिप आणली. टिप. टिप. बाहेर मेंढ्या. आत कुणीही श्वास घेत नव्हतं, आणि सगळ्यात कमी गोदाबाई.

आणि काचेत गोदाबाई हलल्या.

आधी वाटलं डोळ्यांत घाम गेला. पुन्हा बघितलं. हळू, अगदी हळू, बसल्या जागेवरून त्या वर येत होत्या. कुंकवानं भरलेलं कपाळ काचेच्या मधोमध होतं, ते वर सरकलं. चुडा वर सरकला. त्या उठत होत्या. घाई नव्हती त्यांना, कुणीतरी हाक मारल्यावर गुडघ्यावर हात देऊन बाई उठते तशा उठत होत्या. आणि मी ओरडलो. फोटोग्राफरनं मयताच्या घरी जे कधीही ओरडू नये, ते मी पूर्ण आवाजात ओरडलो, "उठल्या! उठल्या त्या!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बायकांची किंकाळी. कुणीतरी म्हणालं, "पानी आणा, पानी!" नामदेव माझ्या अंगावरून उडी मारून आत गेला. आणि खंडूआबा काठी टाकून गुडघ्यांवर सरकत आले, त्यांनी तो हिरवा चुडा घट्ट धरला आणि म्हणाले, "गोदे? गोदे गं?" तो प्रश्न होता. मी आयुष्यात बरेच आवाज ऐकले, पण तसा प्रश्न नाही. सगळं घर त्याच्या उत्तरासाठी थांबलं. मेंढ्यांशिवाय कुणी उत्तर दिलं नाही.

नामदेवनं त्यांच्या नाकाशी हात धरला. मग तो वळला आणि त्यानं माझी गचांडी धरली. मला वाटलं, संपलं. आज दोघांना एकदमच नेतील. तेवढ्यात माझी नजर कॅमेऱ्यावर गेली. तो मान टाकून सरळ जमिनीकडं बघत होता. गोटीच्या खालून तेलाचा एक थेंब वाटीवरून ओघळून पायावर आला होता. काचेत माणूस वर जातं, ते कॅमेरा खाली वाकला की. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. फक्त त्या क्षणी ठाऊक नव्हतं.

"कॅमेरा वाकला," मी म्हणालो. "त्या नाही. कॅमेरा वाकला. माझ्यामुळं."

खंडूआबांनी चुडा सोडला नाही. त्यांनी मान वळवून कॅमेऱ्याकडं बघितलं. म्हणाले, "मंजी मशिननं मान टाकली. तिनं नाय उचलली."

"हो, आबा."

"सोड त्याला, नामा." नामदेवनं सोडलं. "फोटू निघाला का?"

"नाही, आबा. आणि आता यावर निघणार नाही. हे धरत नाही." मी हातात धरून काढीन असंही म्हणू शकत नव्हतो, माझे हात तुरीच्या शेंगांसारखे वाजत होते. दारात माणसं खोळंबली होती, ऊन वर आलं होतं. आता बाई निघणार, आणि सोयगावच्या पोरीला काहीच मिळणार नाही. मला गचांडीपेक्षा त्याची भीती वाटली, आणि ही भीती वेगळी होती. ती माझ्याबद्दल नव्हती.

"किती येळ हलू नाय पायजे?" आबांनी विचारलं.

"थोडा. दोन-तीन श्वास."

"मेंढरामागं काठीवर टेकून दुपार काढतो म्या. पाखरू यिऊन बसतं अंगावर." त्यांनी घोंगड्याची घडी केली, खांद्यावर ठेवली आणि गोदाबाईंच्या समोर मांडी घालून बसले. "ठिव हितं तुझं यंत्र."

मी कॅमेरा त्यांच्या खांद्यावर ठेवला. घोंगड्यात तो रुतून बसला. मी त्यांच्या मागं गुडघ्यावर, वरून काचेत. गोदाबाई एवढ्या जवळ आल्या की मला त्यांच्या पापण्यांचे केस दिसत होते. माझे दात वाजत होते, म्हणून मी सदऱ्याची बाही चावली. काचेत त्या स्थिर होत्या. नाही, अगदी स्थिर नव्हत्या. बारीक, अगदी बारीक ठोका होता, कपाळ उगीच उडाल्यासारखं. मी पुन्हा ओरडलो नाही. ते आबांचं काळीज होतं, खांद्यातून कॅमेऱ्यात येत होतं.

"आबा," मी हळूच म्हणालो, "थोडं..."

"डोळं मिटतो म्या," ते म्हणाले. "तिला बघितली की हलतंय."

त्यांनी डोळे मिटले. श्वास आत घेतला आणि ठेवला. ठोका मंदावला. मी तार दाबली.

अण्णांनी रोल स्वतः धुतला, स्टुलावर बसून, पिवळ्या हातांनी. पहिली फ्रेम म्हणजे नुसता उभा धूर होता. दुसरी आली. चेहऱ्याच्या कडा किंचित मऊ, पण माणूस आख्खं. मग त्यांनी गोटी हातात घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, "मशीनचं तेल?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील. ते हसले, इतके हसले की आई धावत आली, आणि मग एकदम थांबले. म्हणाले, "तू काय ओरडलास ते गावात झालंय. आज ना उद्या तिच्या लेकीच्या कानावर जाईल. ती फोटो न्यायला येईल. तेव्हा मी दुकानात नसेन. तू बसायचंस."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. स्टुडिओच्या दाराला घंटी होती, गिऱ्हाईक आलं की वाजायची. पासपोर्टवाला येवो की नवरा-नवरी येवोत, घंटी वाजली की मी आधी डार्करूमच्या दाराआडून डोकावून बघायचो. आईनं एकदा फोटो खिडकीत नेला, ब्रश ओल्या ओठांतून काढला आणि म्हणाली, "बस समोर." मी म्हणालो, "आई, हिच्यात माझे डोळे नको." तिनं कारण विचारलं नाही. ब्रश धुऊन ठेवला. "लेक येऊ दे मग."

ती आली तेव्हा कडक ऊन होतं. कानाला फडकं बांधलेली, माझ्याच वयाची, कडेवर बाळ. खंडूआबा बरोबर होते, पण ते आत आले नाहीत, पायरीवर पाठ करून बसले. "म्या जिजा," ती म्हणाली. "पिशोरची." मी खणातून फोटो काढून तिच्यासमोर ठेवला आणि दोन पावलं मागं सरलो.

तिनं तो उचलला नाही. टेबलावरच वाकून बघत राहिली. आई मागच्या दारात येऊन उभी होती. म्हणाली, "पोरी, डोळे उघडून देते मी. तू बस इथं उजेडात, तुझेच काढते. आईसारखेच असतील."

"नको," जिजा म्हणाली. "आईला निजलेली म्या कवाच बघितली नाय. आमच्या आधी उठायची, आमच्या मागनं निजायची. राहू द्या अशीच." मग तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. "तुमी म्हणला व्हता ना, उठली म्हणून?"

अण्णांच्या नजरेची, पेटीची, मयताची, गचांडीची, आजवरची सगळी भीती एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला. मी म्हणालो, "कॅमेरा वाकला होता, ताई. माझी चूक होती. मी..."

"ते ठावं हाय. आबांनी सांगितलं." ती थांबली. "पर तुमाला दिसली ना उठताना? कशी उठली?"

शब्दांत सांगता येणार नाही, हे मला कळत होतं. मी पुढं काय केलं ते माझं मलाही नीट समजावता येत नाही. मी फोटो भिंतीवर खिळ्याला टांगला. स्टँड उभा केला, त्यावर तीच गोटी बसवली. अण्णांनी ती फेकून दिली नव्हती, कपाटात ठेवली होती. कॅमेरा चढवला, फोटो काचेच्या मधोमध आणला. मला वाटत होतं की आता ही पोर किंकाळी फोडेल, बाळ रडेल, बाहेरून आबा काठी घेऊन येतील आणि या वेळी 'सोड त्याला' म्हणायला कुणी नसेल. "इथं बघा," मी म्हणालो. "वरून. काचेत."

तिनं बाळ माझ्या आईच्या हातात दिलं आणि काचेवर वाकली. मी हात काढला.

डार्करूममध्ये नळ टिपटिपत होता. जिजा हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर काचेचा उजेड पडला होता, आणि तो उजेड सावकाश सरकत होता.

"फुली उलटीकडं हाय," ती कुजबुजली. मग काही वेळानं, "उठली." ती ओरडली नाही. कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाली. मग कॅमेऱ्यानं मान पुरती टाकली, काचेत नुसती भिंत आली. "गेली," ती म्हणाली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं काचेवरून डोळे काढले नव्हते.

बाहेरून आबांचा आवाज आला, "जिजे, झालं का गं?"

"थांबा, आबा," ती म्हणाली. आणि मग मला, खालच्या आवाजात, "परत आणा."

मी कॅमेरा उचलून पुन्हा सरळ केला, गोदाबाई काचेच्या मधोमध आणल्या आणि बटण मघापेक्षा थोडं जास्त आवळलं. म्हणजे या वेळी त्या जरा सावकाश उठाव्यात.